उभ्या पायाचा नंबर

मेश्राम सिस्टरांनी माझ्या दवाखान्यातलं तपासणीचं टेबल भंगारवाल्याला देऊन टाकलं, तेव्हा मला विचारलंसुद्धा नव्हतं. भाच्याच्या लग्नासाठी मी दोन दिवस अमरावतीला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर टेबलाच्या जागी दोन पायऱ्यांचा भक्कम लाकडी ओटा, भिंतीला धरायला आडवा लोखंडी दांडा, आणि ओट्यासमोर जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीचं एक स्टूल. ते स्टूल माझ्यासाठी होतं.

"हे काय आहे, सिस्टर?"

"टेबल देऊन टाकलं जी. जागा खाऊन राहिलं होतं."

"आणि पेशंटला झोपवू कुठं?"

"झोपवता काहून?"

मी भडकलो. दवाखाना माझा, बाहेरच्या पाटीवर नाव माझं, आणि ह्या बाईंना नोकरीला लागून उणेपुरे तीन महिने झालेले. तोंडाला येईल ते बोललो. त्या कापसाचे बोळे वळत होत्या, वळतच राहिल्या. माझं आटोपल्यावर म्हणाल्या, "झालं? आता खाली बसा. पहिली बाई कवाची उभी आहे." आणि मी मुकाट बसलो. पुढची अकरा वर्षं मी त्या वीतभर स्टुलावर बसून नागपूरच्या बायामाणसांच्या पोटऱ्या बघितल्या. आता माझेच गुडघे दुखतात तेव्हा सिस्टरांना दोन शिव्या घालतो. समोर असत्या तर हिंमत झाली नसती.

मी पायांच्या शिरांचा डॉक्टर. आमच्यात पायाला शून्य ते सहा असा नंबर देतात. शून्य म्हणजे वरून काही दिसत नाही. एक म्हणजे कातडीवर बारीक निळ्या-तांबड्या रेषांचं जाळं. दोन म्हणजे फुगून वर आलेल्या वेड्यावाकड्या शिरा. तीन म्हणजे सूज. चारला कातडी काळी पडते, खाजते, कडक होत जाते. सहा म्हणजे उघडी, वाहती जखम, आणि पाच म्हणजे तीच जखम भरून आलेली. नंबर जितका मोठा तितकं काम बिघडलेलं. आता ह्यातली मेख अशी, की पाय आडवा केला की शिरेत साचलेलं रक्त वर निघून जातं. उभ्या माणसाच्या पोटरीवर बोटाएवढी जाड दिसणारी शीर तोच माणूस आडवा झाला की गुडुप होते. म्हणून पाय उभा करून पाहायचा. इतकं साधं आहे ते. तरी बाहेर रांग लागली की डॉक्टरच्या तोंडातून निघतंच, "पडा जरा टेबलावर." मीही म्हणायचो.

सिस्टरांनाही मी तेच म्हणालो होतो. कारण त्या पहिल्यांदा आल्या त्या पेशंट म्हणून. पन्नाशीच्या आसपासच्या, काळ्यासावळ्या, पांढरी सुती साडी, डाव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी. पट्टी इतकी नीट बांधलेली की बाई नर्स आहे हे विचारावं लागलं नाही.

"पडा टेबलावर."

"नाही पडत. एकदा पडली होती मी."

"अहो, जखम झोपूनही दिसते."

"दिसत असंल. पण झोपल्यावर पाय खरं बोलत नाही, डॉक्टर. तुमाले माहीत पाहिजे."

त्यांनी उभ्यानेच पट्टी सोडली. घोट्याच्या आतल्या अंगाला तळहाताएवढी जखम, चौदा महिन्यांची. मी लेझरनं शीर बंद केली, आणि पट्ट्या त्यांनी स्वतःच्या स्वतः बांधल्या, कारण माझ्याकडच्या मुलीची पट्टी त्यांना पसंत पडेना. पाच महिन्यांनी जखम भरली. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता नंबर किती?"

"पाच."

"चार काहून नाही?"

"एकदा सहा झालेला पाय चारवर येत नाही, सिस्टर. भरला तरी पाचच."

आनंद होण्यासारखं ह्यात काही नव्हतं, पण बाई हसल्या. "चांगलं आहे. कोणी तरी ध्यानात ठेवते," म्हणाल्या, आणि त्याच दमात, "तुमच्या पोट्टीले पट्टी येत नाही. मी येऊ का कामावर?"

त्या आल्या आणि महिन्याभरात दवाखाना त्यांचा झाला. मी फक्त डॉक्टर. ओट्यावर चढलेल्या माणसाला दहा मिनिटं उभं ठेवल्याशिवाय त्या मला त्याच्याकडे बघू देत नसत. वाडी नाक्यावरच्या गोदामांत दिवसभर उभ्यानं माल बांधणाऱ्या बाया यायच्या, मिहानमधल्या कंपन्यांच्या गेटवरचे गार्ड यायचे. "दुखते का?" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, नाही. सिस्टर म्हणायच्या, "नाही म्हणायची सवय लागली वं तुले. पायाले विचारून सांग." मग बाई जरा थांबायची आणि सांगायला लागायची. माझ्या कागदावर नंबरापुढं दुखतं की नाही हे लिहायची जागा असते. सिस्टर येईपर्यंत ती मी बहुतेक वेळा कोरीच सोडत होतो.

एकदा इतवारीतला एक कापडवाला बायकोला घेऊन आला. पायाची सूज नुसती नजरेला दिसत होती. बाई सांगायला लागली की हा खुर्चीवरून म्हणाला, "कुछ नही साहेब, नाटकं आहेत. काम आलं की हिचे पाय दुखते." सिस्टर त्याच्याजवळ गेल्या. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, घरात एकाले असलं की दुसऱ्याचंही पाहा लागते. चढा." तो बिचारा चढला. दांडा धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बायकोची तपासणी झाली, पट्टी झाली, तिला खुर्चीवर बसवून सिस्टरांनी चहा पाजला. तासाच्या आसपास तो म्हणाला, "मॅडम, पाय भरून आले हो." सिस्टर म्हणाल्या, "नाटकं." आणि त्याला उतरू दिलं. बाई पदराआड हसत होती, आणि मीही खाली बसून हसत होतो.

पण हे किरकोळ होतं. सिस्टरांच्या मनात एकच माणूस होता आणि बाकी सगळ्यांवर त्या नुसता हात साफ करून घेत होत्या.

त्या माणसाला त्या 'झोपवे डॉक्टर' म्हणायच्या. त्यांच्या पर्समध्ये मतदार कार्डाच्या मागं प्लास्टिकच्या पाकिटात एक झेरॉक्स असायची. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये त्या एकोणीस वर्षं उभ्या होत्या. संध्याकाळी पाय इतके सुजायचे की चपलेत जायचे नाहीत. अशा नऊ जणी होत्या. नऊ जणींनी अर्ज केला की आम्हाला बसून करायचं काम द्या. तिथं नियम होता, तीन नंबर किंवा त्याच्या वर असेल त्यांना बसतं काम मिळेल. व्यवस्थापनानं आपला डॉक्टर बोलावला. वेळ सकाळी आठची, म्हणजे रात्रभर झोपून सूज उतरलेली. एक खाट टाकली होती. एक उठली की दुसरी पडायची. अर्ध्या तासात नऊ जणी उरकल्या आणि नऊ कागदांवर एकच मजकूर आला: 'नंबर एक. फक्त दिसण्यापुरतं. उभ्या कामास योग्य.'

"मी म्हटलं त्याले, सर, मले उभी करून पाहा ना एक डाव," सिस्टर सांगायच्या. "त्यानं हातावरची घडी पाहिली." मग त्या आवाज बदलून, अगदी शुद्ध भाषेत म्हणायच्या, "बाई, तुम्हाला कामाची काळजी आहे की सौंदर्याची?" हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की त्यातला श्वास कुठं घेतला हेही मला पाठ झालं होतं.

त्यानंतर त्या आणखी चार वर्षं उभ्या राहिल्या. मग जखम झाली, वाहायला लागली आणि नोकरी गेली. त्याच दिवसांत मुलीचं लग्न होतं, कुहीला. पट्टीवरून पॉलिथिनची पिशवी बांधून त्या हॉलच्या शेवटच्या रांगेत, दाराशी बसल्या. वास कोणाला येऊ नये म्हणून. बुद्धवंदना सुरू झाली, सगळे उभे राहिले, ह्या बसून राहिल्या. वऱ्हाडातली एक बाई नाकाला पदर लावून उठून गेली. "पोट्टीच्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही, डॉक्टर. मेल्यासारखी वाटते मी त्या अल्बममध्ये." हे सांगताना त्या रडत नसत. रडत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मग तुम्हाला पाहिजे काय आता?" मी एकदा चिडून विचारलं.

"त्याच्या हातानं लिहून पाहिजे, की ते चूक होतं. नऊ जणींचे नऊ कागद. त्याले नाही मारायचं मले. उलट जगला पाहिजे तो." आणि खरोखरच त्या रोज सकाळी पेपर आला की आधी निधनवार्तांचं पान उघडायच्या, वरून खाली बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "नाही गेला. बरं झालं."

आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे लपवाछपवी नको. ती झेरॉक्स मला पहिल्यांदा दाखवली तेव्हाच मी सही ओळखली होती. ती आमच्या सरांची होती. मेडिकल कॉलेजला मला त्यांनी शिकवलं होतं. मी वर्षभर गप्प राहिलो. का, तर गुरू. का, तर उगीच कटकट. शेवटी एक दिवस सिस्टर पेपरावर बोट फिरवत असताना मला राहवेना आणि मी सांगून टाकलं. वर आणखी एक सांगितलं, जे सांगायची खरं तर गरज नव्हती: पाय उभा करून पाहायचा हे मला शिकवलं ते ह्याच सरांनी. परीक्षेत एका पोरानं पेशंटला झोपवून पाय पाहिला तर सरांनी त्याला तिथल्या तिथं नापास केलं होतं.

सिस्टरांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याले येत होतं." मला वाटतं तोपर्यंत त्यांच्या रागात कुठं तरी एवढी जागा होती, की माणसाला माहीत नसेल. ती जागा मी बुजवली.

आणि मागच्या उन्हाळ्याच्या आधी सर आले. सुनेचा हात धरून, काठी टेकत. चाळीस वर्षं ऑपरेशनला उभं राहिलेला माणूस, उजव्या घोट्यावर जखम. "अरे, तू शिरांचं छान करतोस म्हणे," मला म्हणाले. मी उठून पाया पडलो, सवयीनं. मागं सिस्टर दारात होत्या. त्यांचा चेहरा बघायची मला छाती झाली नाही.

"या सर," सिस्टर म्हणाल्या. "चढा ओट्यावर."

"उभं राहवत नाही हो मला. झोपवूनच बघ ना रे."

"इथं टेबल नाही जी," सिस्टर म्हणाल्या.

सर चढले. दोन्ही हातांनी दांडा धरला. सिस्टर मागं दोन्ही हात पुढं करून उभ्या होत्या, पडले तर धरायला. पूर्ण दहा मिनिटं. मी खाली बसून नंबर लिहिला, सहा. सरांनी सिस्टरांना ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला पट्टी सोडून झाली, जखम धुऊन झाली, आणि सिस्टरांनी ती झेरॉक्स सरांच्या मांडीवर ठेवली. "पहिले हे लिहून द्या. मग पट्टी."

सरांनी चष्मा वरखाली केला. "सही माझीच आहे. पण मी अशी हजारो सर्टिफिकेटं दिली असतील."

"दिली असतील. मले नऊच पाहिजे."

मी सिस्टरांना हाताला धरून बाहेर नेलं. "हे चालणार नाही. उघडी जखम ठेवून असला सौदा माझ्या दवाखान्यात नाही करायचा."

"अजी, पट्टी तर मी करीनच, डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या. "त्याले माहीत नाही एवढंच."

मी आत जाऊन सरांना ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खरं बोलायचं तर मला बरं वाटत होतं. वर्गात ताठ उभा राहून शिकवणारा आणि खाटेपाशी विसरणारा माणूस मलाही एकदा त्या वीतभर स्टुलावर बसलेला पाहायचा होता.

"तपासल्याशिवाय कसं लिहू?" सर म्हणाले.

सिस्टर तडक ओट्यावर चढल्या, पायातला घट्ट मोजा उतरवला, साडी पोटरीपर्यंत वर घेतली. "बसा मग खाली."

सरांना खाली बसायला मी मदत केली. बसल्यावर मात्र त्यांची बोटं आपोआप चालायला लागली. दाबलं, चाचपलं, कातडी चिमटीत धरून पाहिली. "पाच," म्हणाले. "आणि ही कडक झालेली कातडी काल-परवाची नाही. तेव्हाही तीनच्या खाली नसणार." त्यांनी लिहिलं: त्या वेळी झोपवून पाहिलं, ते चूक होतं. आज उभं करून पाहिलं. सिस्टरांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग सरांच्या पायाशी बसून पट्टी बांधली. बोटांपासून वर, घोट्याला घट्ट, गुडघ्याकडे सैल, एकही सुरकुती नाही. इतकी सुंदर पट्टी त्यांनी कोणालाच बांधलेली मी पाहिली नव्हती.

मग दर गुरुवारी, सरांच्या पट्टीच्या दिवशी, त्या नऊ जणींतली एक येत गेली. सिस्टरांनी सगळ्यांना शोधून काढलं होतं. कोणी रिटायर झालेली, कोणी सुनेच्या हाताखाली, एक अजून त्याच दवाखान्यात उभी. सरांच्या कागदावर तिला बसतं काम मिळालं, तेव्हा ती पेढे घेऊन आली. एक मात्र म्हणाली, "जाऊ दे ना वं, म्हातारा झाला." सिस्टर कडाडल्या, "तुले सोडायचं तर तुझ्या घरी सोड. चढ." ती चढली.

गंमत म्हणजे सरांना हे आवडायला लागलं. जखम बारीक होत होती, आणि इकडे त्यांच्यातला मास्तर जागा झाला. बायांना नावानं हाक मारायचे, "दुखतं का?" विचारायचे, उत्तर येईपर्यंत थांबायचे. एक-दोघी तर जाताना त्यांच्या पाया पडल्या. मला वाटलं, चला, सिस्टरांचा राग निवळला असेल.

"चांगला वागून राहिला तो," सिस्टर मला म्हणाल्या. चेहरा आंबट. "मले नाही आवडत हे. तेव्हा काहून नाही वागला?"

सिस्टर आता मुलीकडे असतात, भंडाऱ्याला. दवाखान्यात माझ्याकडे दुसरी नर्स आहे, चांगली आहे, मला विचारल्याशिवाय काही करत नाही. मला सिस्टर आठवतात त्या मात्र त्या शेवटच्या गुरुवारच्या.

नववा कागद कुसुम वासनिकचा होता. ती वर्षभरापूर्वी वारली होती. पोटरीत गाठ झाली, ती छातीत गेली. झोपवून पाहिल्यामुळंच ती गेली असं मी डॉक्टर म्हणून म्हणू शकत नाही, आणि सिस्टरही कधी म्हणाल्या नाहीत. त्यांनी कुसुमच्या बहिणीकडून तिची झेरॉक्स आणली होती. तेवढीच.

सर आले तेव्हा खुशीत होते. जखम जवळजवळ मिटली होती. आता न सांगता ते स्वतःच स्टुलावर जाऊन बसले आणि दाराकडे पाहत म्हणाले, "आज कोण?"

"कुसुम वासनिक."

"या म्हणावं आत."

"ते गेली जी."

सरांच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली. ते काठीला हात घालून उठायला लागले. "अरेरे. मग आज काही…"

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "तिची वेळ आहे."

सर बसले. सिस्टरांनी झेरॉक्स ओट्यावर ठेवली, जिथं पाय ठेवतात तिथं, आणि त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. मीही उभा राहिलो. बाहेर दोन पेशंट बोलत होते, फोन वाजत होता, मी घेतला नाही. सर आधी कागदाकडे बघत होते, मग नुसतेच ओट्याच्या लाकडाकडे. एकदा त्यांनी सवयीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सिस्टरांच्या नव्हतं.

दहा मिनिटं झाल्यावर सिस्टरांनी त्यांच्या हातात पेन दिलं.

"काय लिहू, सिस्टर?" सर म्हणाले. "तुम्हीच सांगा. चार लिहू? पाच लिहू? तुम्ही म्हणाल तो नंबर लिहून देतो."

"न पाहता?"

सरांनी कागदावर टेकवलेलं पेन उचललं.

"नंबर नाही लिहायचा," सिस्टर म्हणाल्या. "लिहा, कुसुम वासनिक, कधीच तपासली नाही. आणि खाली सही करा."

सरांनी तसंच लिहिलं, आणि सही केली.